नाताळात गाडीने मनाली: रोजचा रस्ता, रोजची रांग

पुणे ते मनाली साधारण 2,000 किलोमीटर. त्यातले 1,900 गाडी चालवावी लागते, उरलेल्या शंभरात ती बहुतेक वेळ उभीच असते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तर हे ठरलेलंच. 23 डिसेंबर 2024 च्या संध्याकाळी मनालीच्या वर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ सुरू झाला आणि सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या. चार दिवसांनी, 27 तारखेला, पुन्हा तोच प्रकार झाला आणि सोलंगला हजारो पर्यटक अडकले. बर्फ दोन्ही वेळा हिमालयाच्या मानाने काही जगावेगळा नव्हता. अंधार पडायच्या वेळी नको तितक्या गाड्या वर होत्या, घोटाळा तिथे झाला. म्हणून या दिवसागणिक वर्णनात देखाव्यांपेक्षा घड्याळच जास्त येईल.

निघण्याआधी

टायरपासून सुरुवात करावी. कायद्याने 1.6 मिलिमीटर खोल नक्षी चालते, पण ती पुण्याच्या रस्त्याला. बर्फाच्या चिखलात 4 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर म्हणजे नुसता गोल दगड. हवा भरताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: तापमान साडेपाच अंश उतरलं की दाब साधारण 1 पीएसआय उतरतो. पुण्यात 25 अंशांना 33 भरलेला टायर उणे 5 ला चार-पाच पीएसआयने खाली येतो. उंचीमुळे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे मापकावर त्यातले दोनेक परत मिळाल्यासारखे दिसतात. थोडक्यात, मनालीत सकाळी थंड टायर तपासून कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरून घ्यायची. ‘बर्फात हवा कमी ठेवा’ हा सल्ला वाळूतल्या गाड्यांचा आहे, इथे तो लावू नये.

दुसरं कूलंट. वर्षभर टाकीत नळाचं पाणी ओतत आलेल्या गाड्या आपल्याकडे हजारोंनी आहेत. महाराष्ट्रात त्यांचं काही बिघडत नाही. अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात रात्री तेच पाणी गोठतं, फुगतं आणि रेडिएटर फोडतं, नशीब फारच खराब असेल तर इंजिनचा ब्लॉकही. जुनं सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं की उणे 35 च्या आसपासपर्यंत चिंता नाही. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं, आणि पुढच्या गाडीने उडवलेला चिखल काचेवर बसला की वायपर तो नुसता सारवत बसतात. त्या टाकीत न गोठणारं वॉशर लिक्विड हवं. नव्या डिझेल गाड्यांतलं डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण, उणे 11 ला गोठतं. त्याला टाकीतच हीटर असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त टाकी काठोकाठ भरू नये.

तिसरी चेन, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायची साखळी. टायरच्या बाजूवर 215/60 आर 17 असा जो आकडा असतो, त्याच मापाची घ्यायची. ‘सगळ्यांना बसते’ असं सांगून विकलेली चेन कुणालाच नीट बसत नाही. घराखाली, कोरड्या जागेत, उजेडात एकदा चढवून-उतरवून बघावी. उणे तापमानात, हातमोज्यांनी, मागून हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा पाकीट फोडणाऱ्यांची तारांबळ सोलंगच्या वाटेवर दरवर्षी बघायला मिळते.

डिकीत छोटं फावडं, टो करायचा दोर, दोन गोणपाटं, जाड रबरी हातमोजे, टॉर्च, माणशी एक घोंगडी किंवा ब्लँकेट, माणशी 1 लिटर पाणी (हे डिकीत नाही, आत पायाशी, नाहीतर गोठतं), आणि न शिजवता पोट भरेल असं काही: दशम्या, चिक्की, खाकरा. वेफर्सने दहा तास निघत नाहीत.

पहिला आणि दुसरा दिवस: पुणे, इंदूर, जयपूर

हे दोन दिवस फारसे बोलण्यासारखे नाहीत. नाशिक, मालेगाव, धुळे, मग सेंधव्याआधीचा बिजासन घाट. पुण्याहून पहाटे निघालं तर घाट उजेडात होतो, तोच एक हिशेब. तिथे ट्रक बंद पडला की तास-दीड तास जातो आणि त्यावर काही इलाज नाही. इंदूरला मुक्काम. गंमत अशी, की धुळे-नाशिककरांच्या तोंडात ‘एनएच 3’ म्हणून बसलेला हा मुंबई-आग्रा रस्ता आता त्या नंबरचा राहिलेला नाही. नव्या यादीत राष्ट्रीय महामार्ग 3 म्हणजे अटारी-मनाली-लेह. नंबर पुढे गेला, आपण मागून चाललो आहोत.

दुसऱ्या दिवशी उज्जैन, झालावाड, कोटा, टोंक, जयपूर. सुमारे 600 किलोमीटर, रस्ता चांगला.

डिझेल गाडीवाल्यांनी इथपासून टाकीकडे लक्ष ठेवावं. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर चोंदतं. उबदार प्रदेशात भरलेलं डिझेल मंडीपर्यंत पाव टाकीवर आणायचं आणि पुढे डोंगरातल्या पंपावर पूर्ण भरायचं, म्हणजे हिवाळ्याचं डिझेल मिळतं. वरच्या भागात टाकी कायम अर्ध्याच्या वर हवी. हे पेट्रोलवाल्यांनाही लागू. सीएनजी गाड्यांनी तिकडे पेट्रोलवरच चालण्याच्या तयारीने जावं.

तिसरा दिवस: जयपूर ते चंदीगड, म्हणजे धुकं

बर्फाच्या नादात लोक धुकं विसरतात, आणि सहलीचा पहिला अर्धा दिवस तिथेच जातो. डिसेंबरअखेर हरियाणा-पंजाबात पहाटे दोन ते सकाळी दहा या वेळात 50 मीटरच्या पुढचं दिसत नाही, कधी तेवढंही नाही. दिल्ली टाळायला कोटपुतलीनंतर नारनौलकडे वळून 152 डी हा सहापदरी रस्ता घेतात. नारनौल ते इस्माइलाबाद हा 227 किलोमीटरचा पट्टा 2022 पासून खुला आहे आणि दिवसा अप्रतिम आहे. धुक्यात मात्र त्याची हीच गुळगुळीत रिकामी लांबी घात करते: मागचा 100 ने येत असतो आणि पुढचा थांबलेला असतो.

जयपूरहून म्हणूनच पहाटे निघायची घाई नको. आठला निघालं तर नारनौलपर्यंत धुकं उचललेलं असतं, आणि अंबाला संध्याकाळी सहाच्या आत पार होतं. त्यानंतर ते पुन्हा बसायला लागतं. वाटेत सापडलंच तर लो बीम आणि फॉग लॅम्प. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणं ही आपल्याकडची लाडकी सवय, पण मागच्याला त्यामुळे गाडी उभी आहे की चालली आहे आणि कुठे वळणार हे कळत नाही. थांबायचंच असेल तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात पूर्ण आत. काच आतून धुरकटते तेव्हा हीटरबरोबर एसीही चालू करायचा आणि हवा बाहेरून घ्यायची. एसी ओलावा शोषतो, काच मिनिटभरात साफ होते. हीच युक्ती पुढे बर्फातही लागते.

चौथा दिवस: चंदीगड ते कुल्लू खोरं

अंतर 300 च्या आत. एरवी सात-आठ तास. 23 ते 26 डिसेंबर आणि 29 ते 31 डिसेंबर या तारखांना अकरा ते चौदा धरा, आणि तेवढे लागले तर कुरकुर करू नका.

किरतपूर ते नेरचौक हा नवा चौपदरी तुकडा बोगद्यांतून सपासप नेतो. बिलासपूरची जुनी वळणं वाचतात. त्यामुळेच पुढची कोंडी वाढली आहे: पूर्वी घाटात विखुरलेल्या गाड्या आता एकगठ्ठा मंडीला पोचतात. मंडी ते पंडोह हा बियास नदीच्या कडेचा भाग डोंगर कापून केलेला, आणि तिथला डोंगर अजून शांत झालेला नाही. चार मैल, सहा मैल, नऊ मैल अशा नावांच्या जागी दगड-माती खाली येते आणि एकेरी वाहतूक सुरू होते. पर्यायी रस्ता आहे: मंडीहून कमांद, कटौला, बजौरा. आयआयटी मंडी याच वाटेवर. छोट्या गाड्यांना चालतो, पण अरुंद आहे, वर चढतो, आणि बर्फ किंवा पाऊस झाल्यावर सावलीतल्या वळणांवर गोठतो. मुख्य रस्ता तासभर थांबलेला असेल तर तिथेच थांबणं शहाणपणाचं. चार तासांची खबर असेल आणि दिवस असेल, तरच कटौला. रात्री मुळीच नाही. नकाशाचं ॲप मात्र रात्री अकरालाही तोच लाल-निळा हिशेब करून तिकडे वळवतं.

पंडोहच्या पुढे बोगदे, मग औटचा पावणेतीन किलोमीटरचा जुना बोगदा. त्यात वळणं आहेत आणि धूर साचतो, काचा वर आणि आतली हवा फिरती ठेवावी. भुंतरला कसोल-मणिकर्णची गर्दी डावी-उजवी होते. कुल्लूनंतर निर्णय घ्यावा लागतो: बियासच्या उजव्या काठाने राईसन, कटराईं, पतलीकुहल असा महामार्ग, की डाव्या काठाने नग्गर, जगतसुख, प्रीणी. जुलै 2023 च्या आणि ऑगस्ट 2025 च्या पुरांनी कुल्लू-मनाली दरम्यान महामार्गाचे तुकडेच्या तुकडे नेले. अशा जागी दोन पदरांचा एक होतो आणि मागे दोन-तीन किलोमीटरची रांग लागते. डावा काठ गावांतून जातो, बस समोर आली की मागे सरकावं लागतं, पण दुपारी चारपर्यंत तो चालता असतो. मनालीच्या दारात दोन्ही काठ पुन्हा एकाच गर्दीला मिळतात, त्यामुळे शेवटचे चार किलोमीटर कुणालाच चुकत नाहीत. बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांना हरित कर भरावा लागतो, तिथेही रांग.

म्हणून मुक्काम मनालीत करूच नये, असं ठाम मत आहे. नग्गर किंवा कटराईंला थांबा. उंची कमी, रात्री रस्ता कमी गोठतो, बर्फ पडला तरी बाहेर पडायची वाट राहते, आणि पार्किंग मिळतं. मनालीतच हवं असेल तर अलेओ, रांगडी किंवा प्रीणी. हिडिंबा मंदिराकडचा चढ आणि ओल्ड मनालीचा उतार बर्फ झाल्यावर सकाळी निव्वळ घसरगुंडी असते. हॉटेलला फोन करून एकच प्रश्न विचारायचा: गाडी दारापर्यंत येते का, आणि दारापर्यंतचा रस्ता सपाट आहे का? ‘पार्किंग आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

पाचवा दिवस: सोलंग, अटल बोगदा, सिस्सू

आदल्या रात्री भारतीय हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज बघायचा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन बर्फ-पाऊस पाडणारं वादळी हवामान, येणार असेल तर कुल्लू आणि लाहौल-स्पिती या जिल्ह्यांपुढे पिवळा किंवा नारिंगी रंग दिसतो. नारिंगी असेल तर वर जायचं नाही, विषय संपला. नग्गरचा किल्ला बघा, ट्राउट खा. पिवळा असेल तर पुढचं वेळापत्रक काटेकोर पाळा.

मनाली 2,050 मीटर, सोलंग सुमारे 2,560, बोगद्याचं दक्षिण तोंड 3,060. अंतर 25 किलोमीटर. सकाळी साडेसहाला मनाली सोडली की साडेसातपर्यंत बोगदा, आठला सिस्सू. तीन तास तिथे, अकराला परत, साडेबाराच्या आत सोलंगच्या खाली. डिसेंबरात सूर्य तीनलाच डोंगराआड जातो. दिवसभर चाकांखाली वितळलेलं पाणी चारनंतर गोठतं आणि डांबरावर पातळ पारदर्शक थर बसतो. हाच ब्लॅक आइस. दिसतो ओल्या रस्त्यासारखा. ओला रस्ता वाटतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही, असं दिसलं की तो बर्फ आहे असं समजायचं.

साडेसहाला निघणारे फार थोडे. नाश्ता ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतो आणि तो आठला सुरू होतो, त्यामुळे सगळी मनाली साडेनऊला रस्त्यावर येते. मग नेहरू कुंडापासून पलचानपर्यंत जे होतं त्याची कारणं साधी आहेत. रस्त्याच्या कडेला नंबर घातलेली कोट-बुटांची दुकानं आहेत, तिथे टॅक्स्या रस्त्यातच उभ्या राहून माणसं उतरवतात. पलचानला दोन फाटे: डावीकडे सोलंग-बोगदा, सरळ वर कोठी-गुलाबा-रोहतांग. हिवाळ्यात रोहतांग (3,978 मीटर) बंद, त्यामुळे सगळा लोंढा डावीकडे. सोलंगला पार्किंग भरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात आणि दोन पदरांचा दीड होतो. बर्फ पडलेला असेल तर पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगपासून पुढे फक्त फोर बाय फोर आणि चेन लावलेल्या गाड्या सोडतात. बाकीच्यांना तिथेच वळावं लागतं, आणि वळायला जागा नसते.

दहा वाजता तुम्ही पलचानच्या अलीकडेच असाल तर परत फिरा. त्या वेळी वर गेलेला माणूस सिस्सूला एकला पोचतो आणि तीनला परत निघतो, म्हणजे नेमका सगळ्यांबरोबर आणि नेमका गोठायच्या वेळी.

अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला. आत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, गाणी लावून नाचणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात आणि बरोबर करतात. गाडी आत बंद पडली तर दर 150 मीटरवर आपत्कालीन फोन आहे. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की बोगदा दोन हवामानं जोडतो. पीर पंजाल डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर, म्हणजे धुंदी-सोलंगला, बर्फ जास्त पडतो. पलीकडे लाहौल त्या मानाने कोरडा. सिस्सूला लख्ख ऊन असताना या बाजूला जोरात बर्फ पडत असू शकतो. त्यामुळे सिस्सूला असताना उत्तरेकडचं आकाश बघून उपयोग नाही, बोगद्यातून येणाऱ्या गाड्यांच्या टपांकडे बघा. टपावर ताजा बर्फ दिसायला लागला की चहा अर्धा टाकून निघायचं. आणि दुपारी दोननंतर कळलं तर निघायचंच नाही: सिस्सूला होमस्टे शोधा, रात्र काढा. जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत स्थानिक सण-विधींसाठी तिथलं पर्यटन बंद असतं, हे वेगळं.

चेन लावायची पद्धत. चढावर किंवा वळणावर नाही, पहिली सपाट रुंद जागा बघून, बर्फ लागायच्या आधी. चेन इंजिन ज्या चाकांना ताकद देतं त्यांनाच: क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा, अर्टिगा यांना पुढे, इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो यांना मागे. चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा, हुकांची टोकं टायरकडे नाही तर बाहेर वळलेली हवीत. टायरवर टाकून दोन्ही बाजूंनी सारखी खाली सोडायची, गाडी फूटभर पुढे घ्यायची, आधी आतला हुक अडकवायचा, मग बाहेरचा, मग ताण. जॅक लागत नाही. पन्नास-शंभर मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायची. हे दुसरं ताणणं लोक टाळतात. सैल चेन आत आपटत राहते आणि ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर तोडते. चेनवर 30 च्या पुढे वेग नको, आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की काढायची, विशेषतः बोगद्याच्या आत ती खडखडत नेऊ नये. रस्त्यावर चेन लावून देणारी पोरं असतात, भाव गर्दीप्रमाणे चढतो, आधी ठरवून घ्यावा आणि काढायचे पैसे त्यातच धरावेत.

उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून दूर. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये 1 किंवा एल. पुढच्या गाडीपासून निदान पाच गाड्यांचं अंतर. कुणी तरी मध्ये घुसेल, घुसू द्या, पुन्हा अंतर सोडा. फोर बाय फोर गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. चार चाकं ओढणाऱ्या गाडीला ब्रेक इतरांइतकेच असतात, आणि वजन जास्त असल्याने ती घसरली की लांब जाते. सोलंगच्या खाली आडव्या झालेल्या गाड्यांत थार-स्कॉर्पिओ काही कमी नसतात. मागचा भाग घसरला तर ब्रेक न मारता स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला हळू वळवायचं. पुढचीच चाकं घसरत असतील तर स्टिअरिंग थोडं सरळ करून पकड येण्याची वाट बघायची. चाक एका जागी फिरत राहिलं तर ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, खालचा बर्फ पॉलिश होतो. फावड्याने चाकापुढचं साफ करा, गोणपाट चाकाखाली सरकवा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, दुसऱ्या गिअरवर अलगद उचला.

आता कोंडी कशी होते ते. उतारावर एक गाडी आडवी होते. मागचे थांबतात. दहाव्या मिनिटाला कुणा हुशाराला डावी लेन थांबलेली आणि उजवी रिकामी दिसते. तो उजवीकडून पुढे येतो, त्याच्यामागे वीस येतात. समोरून चढणाऱ्यांची तोंडं आता यांच्या तोंडाला लागतात. ज्या वाटेने बर्फ काढायचं यंत्र आणि क्रेन येणार ती वाट बंद. आडवी गाडी चार माणसांनी ढकलून पाच मिनिटांत निघाली असती, आता पाच तास. तुमच्यापुढची उजवी लेन रिकामी दिसली तर ती रिकामीच ठेवा. शिव्या मागच्यांना देऊ द्या.

पाचवी रात्र, गाडीत काढावी लागली तर

सर्वांत मोठा धोका थंडीचा नाही, धुराचा आहे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांत 20 हून जास्त माणसं गेली. चालू इंजिन, बर्फाने बुजलेला सायलेन्सर आणि बंद काचा असं झालं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि थकलेल्या माणसाला ती नेहमीचीच झोप वाटते.

म्हणून इंजिन तासाला दहा-पंधरा मिनिटंच चालवायचं. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड आणि त्याभोवतीचा फूटभर बर्फ हाताने मोकळा करायचा. इंजिन चालू असताना ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवायची. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, तेव्हा अर्धी टाकी असेल तर रात्र निघते. ओले मोजे काढून कोरडे घाला. पाय ओले असतील तर चार ब्लँकेटंही ऊब देत नाहीत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मधल्या सीटवर, दोघांच्या मध्ये.

मदतीला 112, किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077. सांगताना ‘आम्ही बर्फात अडकलोय’ नव्हे, तर बोगद्याच्या तोंडापासून किंवा सोलंगपासून किती किलोमीटर, किती माणसं, कुणी आजारी आहे का, टाकीत किती इंधन. सोलंगच्या वर रात्री पायी निघू नका. धुंदीजवळचा उतार हिमस्खलनाचा आहे. पलचानच्या खाली मात्र वस्ती आहे, रांग हलतच नसेल आणि अंगावर धड कपडे असतील तर चालत मनाली गाठणं गाडीत बसण्यापेक्षा बरं.

पोलिसांनी गाडी सोडून यायला सांगितलं तर वाद घालू नका. गाडी डोंगराच्या बाजूला चिकटवा, पुढची चाकं डोंगराकडे वळवा, गिअरमध्ये ठेवा, चाकांखाली दगड द्या आणि मग हँडब्रेक सोडा, कारण ओढलेला हँडब्रेक रात्रीत गोठून चाकं धरून ठेवतो. काचेमागे कागदावर फोन नंबर ठळक लिहून ठेवा. वायपर उचलून उभे करा.

सहावा दिवस: काहीच न करण्याचा

बर्फ झाल्यावर दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार होतं आणि सगळ्यांना उत्साह येतो. हाच दिवस वर न जाण्याचा. ताज्या बर्फावर ऊन पडलं की हिमस्खलनाचा धोका वाढतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था त्याचे इशारे देते. शिवाय बोगद्याची वाट साफ व्हायला वेळ लागतो.

गाडी मात्र सुरू करून ठेवा. आधी टपावरचा बर्फ पूर्ण काढा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, डेबिट कार्डही चालतं. दाराचं रबर चिकटलं असेल तर हिसका न देता कडेकडेने दाबत सोडवा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर जाऊ द्या. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते. डिझेल गाडी धापा टाकून बंद पडत असेल तर फिल्टर चोंदला आहे, अकरापर्यंत ऊन लागू द्या. टाकीखाली शेकोटी करणारे महाभाग दिसतील, त्यांच्यापासून गाडी लांब उभी करा.

सातवा दिवस: उतरणं

परतीचा पेच असा, की लवकर निघावं तर रस्ता गोठलेला, उशिरा निघावं तर गर्दी. आदल्या दोन दिवसांत बर्फ झाला असेल तर नऊच्या आधी मनाली-पतलीकुहल या सावलीच्या पट्ट्यात शिरू नका. रस्ता कोरडा असेल तर पहाटे पाचला निघा, मंडी नऊच्या आत मागे पडते. 1 आणि 2 जानेवारीला मात्र कोणत्याही वेळी निघा, औट ते मंडी रांगेतच. नग्गर-कटराईंला मुक्काम केलेल्यांचे इथे दोन तास वाचतात.

चंदीगडला पोचल्यावर गाडी खालून, चाकांच्या कमानींच्या आतून, पाण्याच्या जोराने धुऊन घ्या. तिथे बसलेला चिखल आणि माती गोठून-सुकून दगड झालेली असते आणि चाकाचा तोल घालवते. मग 100 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटचे पैसे भरतात. चेन लावली असेल तर कमानीतलं प्लास्टिक, एबीएसची वायर आणि टायरची आतली बाजू टॉर्च घेऊन बघा. पुढे हरियाणाचं धुकं आहेच, तेव्हा अंबाल्याच्या पुढे संध्याकाळी सहानंतर जाऊ नका.

आणि वर गेलेलं टायरचं गणित परतीलाही उलटं लागतं. मनालीत भरलेली हवा इंदूरच्या उन्हात चढते, तेव्हा जयपूरला सकाळी थंड टायर पुन्हा मोजून मगच पुढे निघा.